बाटली उलटी करून वाचा : चांगला सोया सॉस आणि इतर बाटलीबंद सॉस कसे निवडावेत

किराणा दुकानाच्या फळीवर सोया सॉसच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. दोन्ही काळ्याभोर, दोन्हींवर ड्रॅगन नाहीतर बांबूचं चित्र, पण एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट-चौपट. महिन्याला दोनदा फ्राइड राइस करणारा माणूस साहजिकच स्वस्त बाटली उचलतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. फक्त आपण काय उचललं हे त्याला ठाऊक असावं, कारण नाव एकच असलं तरी त्या दोन बाटल्यांत बहुधा दोन वेगळे पदार्थ असतात. एक महिनोन् महिने मुरलेला रस, तर दुसरं मीठ, साखर आणि रंग घातलेलं पाणी. पुढची छपाई बघून हा फरक कळत नाही. मागची बारीक अक्षरं वाचली की दोन मिनिटांत कळतो.

आधी हे समजून घ्या : सोया सॉस होतो कसा

पारंपरिक सोया सॉसला चारच गोष्टी लागतात : सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी. पाचवी गोष्ट म्हणजे एक बुरशी. तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी, आणि ती वाढलेल्या धान्याला जपानीत कोजी म्हणतात. सोयाबीन वाफवतात, गहू भाजून भरडतात, दोन्ही एकत्र करून त्यावर बुरशीचं बी पेरतात आणि उबदार, दमट खोलीत साधारण तीन दिवस ठेवतात. दाण्यांवर पिवळसर-हिरवी लव येते. मग हे सगळं खाऱ्या पाण्यात जातं आणि तिथे मुरत पडतं. बुरशीची विकरं सोयाबीनमधल्या प्रथिनांचे तुकडे करून अमिनो आम्लं बनवतात, त्यातून चव येते. गव्हातल्या पिठाची साखर होते. त्या साखरेवर यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू काम करतात, त्यातून थोडं अल्कोहोल, थोडा आंबटपणा आणि सुगंध. तांबूस तपकिरी रंग येतो तो साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडल्यामुळे. बाहेरून रंग घालावा लागत नाही. कारखान्यातही या मुरण्याला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. जपानच्या शोदोशिमा बेटावर अजूनही मोठमोठ्या लाकडी पिंपांत सॉस मुरवतात, तिथे दोन-दोन, चार-चार वर्षंही जातात. शेवटी कापडातून दाबून रस काढायचा, गरम करायचा, बाटलीत भरायचा.

दुसरा रस्ता रसायनाचा. तेल काढून उरलेली सोयापेंड हायड्रोक्लोरिक आम्लात तापवली की प्रथिनं झपाट्याने तुटतात. मग सोडा घालून आम्ल मारायचं, गाळायचं, त्यात कॅरमेल रंग, मीठ आणि साखर घालायची. महिन्यांचं काम काही दिवसांत आटोपतं. अमिनो आम्लं मिळतात, पण यीस्ट आणि जीवाणूंनी दिलेला वास मिळत नाही. या पद्धतीत ३-एमसीपीडी नावाचा नको असलेला पदार्थही तयार होऊ शकतो. २००१ साली ब्रिटनच्या अन्न प्रमाणक संस्थेने बाजारातले सोया सॉस तपासले तेव्हा काहींत तो फार जास्त निघाला आणि बरीच खळबळ उडाली. पुढे २००८ मध्ये कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेने, असं आम्लप्रक्रियेचं प्रथिन घातलेल्या द्रव मसाल्यांसाठी किलोला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. युरोपची मर्यादा त्याहून बरीच कडक, ०.०२ मिलिग्रॅम. घाबरून जाण्यासारखं काही नाही, नीट चालवलेल्या कारखान्यात हा पदार्थ आटोक्यात ठेवता येतो. पण मुरवलेला आणि आम्लाने तोडलेला यांत भेद का करायचा, त्याचं चवीपलीकडचं कारण हे आहे.

पेंड वापरली म्हणजे सॉस वाईट, असंही समजू नका. जपानमधल्या कितीतरी उत्तम, रीतसर मुरवलेल्या सॉसमध्येही तेल काढलेलंच सोयाबीन असतं. अख्ख्या दाण्याचा सॉस किंचित गोलसर, मऊ लागतो म्हणून तिथे तो 'मारुदाइझु' म्हणून वेगळा, थोडा महाग विकतात. लातूर-अकोल्याच्या बाजारात सोयाबीनचा भाव ऐकत मोठे झालेल्यांना पेंड म्हणजे काय ते सांगायला नको. इथे मुद्दा पेंडीचं पुढे काय केलं, एवढाच.

पहिली पायरी : घटकांची यादी

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटबंद पदार्थावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे जास्त ते आधी. चांगल्या सोया सॉसची यादी आखूड असते : पाणी, सोयाबीन, गहू, मीठ. फार तर टिकण्यासाठी थोडं अल्कोहोल किंवा एखादा संरक्षक. एवढं वाचलं की अर्धं काम झालं.

आता स्वस्त बाटलीची यादी साधारण कशी असते बघा : पाणी, मीठ, साखर, रंग (आयएनएस १५०डी किंवा १५०सी), हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन (वर सांगितलेलं तोडलेलं प्रथिन ते हेच), आम्लता नियामक (२६०), स्वादवर्धक (६२१, ६२७, ६३१), संरक्षक (२११). सोयाबीनचा पत्ता बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या क्रमांकावर, तोही 'सोया एक्स्ट्रॅक्ट' अशा मोघम नावाने. गहू कुठेच नाही. गहू नसणं ही मोठी खूण आहे, कारण आंबवायचंच नसेल तर गव्हाचं काय काम? (तामारी हा एक अपवाद, त्याच्याकडे पुढे येऊ.)

या आयएनएस आकड्यांची, म्हणजे अन्नात घालायच्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांची, ओळख करून घ्या, पुढे सगळ्याच बाटल्यांना उपयोगी पडते. १५० म्हणजे कॅरमेल रंग. १५०ए साधा, १५०सी आणि १५०डी अमोनियाच्या मदतीने केलेले. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २०२ पोटॅशियम सॉर्बेट. २६० म्हणजे असेटिक आम्ल, व्हिनेगरमधलंच. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, ज्याला आपण सगळे 'अजिनोमोटो' म्हणतो. ६२७ आणि ६३१ त्याचे जोडीदार, ६२१ ची चव कितीतरी पटींनी वाढवणारे. ४१५ म्हणजे झँथन गम, दाटपणासाठी. १४२२ म्हणजे प्रक्रिया केलेला स्टार्च.

यातलं काहीही विष नाही आणि परवानगीच्या मर्यादेत सगळं कायदेशीर आहे. ६२१ चा तर मला कधीच राग आला नाही. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट ओळखून काढलं, आणि मुरलेल्या सोया सॉसमध्ये ते नैसर्गिकपणेच भरपूर असतं. आक्षेप एवढाच की सहा महिने मुरून जी चव यायची ती बाहेरून ओतली, तर बाटलीत सॉस म्हणून उरलं काय? 'नो अ‍ॅडेड एमएसजी' असं पुढे ठळक छापायचं आणि मागे हायड्रोलाइज्ड प्रोटीन, ज्यात ग्लुटामेट असतंच, ही चलाखीही दिसते.

पुढच्या बाजूचे 'प्रीमियम', 'सुपीरियर', 'ऑथेंटिक', 'शेफ्स चॉइस' हे शब्द सोडून द्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. 'नॅचरली ब्रूड', म्हणजे नैसर्गिकपणे मुरवलेला, हे मात्र वाचा आणि लगेच मागची यादी त्याच्याशी जुळते का ते पाहा. ब्रूड म्हणून वर रंग, साखर आणि हायड्रोलाइज्ड प्रोटीन असेल, तर तो मिश्र सॉस समजा : थोडा मुरवलेला, बाकीचा भरीचा.

दुसरी पायरी : प्रथिनांचा आकडा

ही युक्ती फार कमी लोक वापरतात. बाटलीच्या पोषणतक्त्यात १०० मिलिलिटरला प्रथिनं किती ते बघा. मुरवलेल्या जपानी पद्धतीच्या सॉसमध्ये ती ८ ते १० ग्रॅम असतात. अनेक स्वस्त बाटल्यांवर आकडा एक-दोन ग्रॅमचा, कधी त्याहूनही कमी. सोया सॉसची चव म्हणजे तुटलेली प्रथिनंच, तेव्हा हा आकडा म्हणजे बाटलीत सोयाबीनचा अर्क किती आणि पाणी किती, याचा जवळजवळ थेट हिशेब.

जपान आणि चीनमध्ये प्रतवारीच या तत्त्वावर होते. जपानच्या प्रमाणकात नेहमीच्या गडद सॉसला, म्हणजे कोइकुचीला, 'तोक्यू' हा वरचा दर्जा मिळायला एकूण नायट्रोजन किमान १.५ टक्के लागतो. त्याखालच्या 'जोक्यू'ला १.३५ आणि साध्या 'ह्योजुन'ला १.२. नायट्रोजनला सव्वासहाने गुणलं की ढोबळ मानाने प्रथिनं मिळतात, म्हणजे दीड टक्का नायट्रोजन म्हणजे नऊ-साडेनऊ ग्रॅम प्रथिनं. आपल्या तक्त्यातल्या आकड्याचा अर्थ इथे लागतो.

चीनमध्ये अमिनो आम्लांतला नायट्रोजन मोजतात आणि तो बाटलीवर छापलेला असतो : विशेष दर्जाला १०० मिलिलिटरला किमान ०.८ ग्रॅम, पहिल्या दर्जाला ०.७, दुसऱ्याला ०.५५, तिसऱ्याला ०.४. चिनी दुकानातली बाटली हातात आली तर हा दशांश अपूर्णांक शोधा. १.० किंवा १.२ दिसला तर माल दमदार.

पण या आकड्याला एकट्याने शरण जाऊ नका. आम्लाने तोडलेल्या पेंडीतही प्रथिनांचे तुकडे असतात, तेव्हा तो सॉसही आकडा चांगला दाखवू शकतो. शिवाय ६२१ मध्येच साडेसात टक्के नायट्रोजन असतो. १०० मिलिलिटरमध्ये दोन ग्रॅम ६२१ घातलं की चिनी आकडा ०.१५ ने वर जातो, म्हणजे दुसऱ्या दर्जाचा माल पहिल्या दर्जात जाऊन बसतो. म्हणून घटकांची यादी आधी, आकडा नंतर. यादी स्वच्छ आणि आकडा मोठा, अशी जोडी जमली की ती बाटली बिनधास्त विकत घ्या.

कर्बोदकांकडेही जाता जाता नजर टाका. ती प्रथिनांच्या कितीतरी पट असतील तर साखर आणि कॅरमेलचा भरणा आहे.

तिसरी पायरी : प्रकार ओळखा

'लाइट' आणि 'डार्क' या शब्दांनी जेवढा घोळ घातला आहे तेवढा कोणी घातला नसेल. चिनी 'लाइट' म्हणजे शेंगचौ : पातळ, खारट, चवीसाठी. 'डार्क' म्हणजे लाओचौ : जास्त मुरवलेला किंवा कॅरमेल घातलेला, दाट, किंचित गोड, मुख्यतः रंगासाठी. लाओचौमध्ये कॅरमेल दिसलं म्हणून नाक मुरडू नका, त्याचं कामच ते. 'लाइट'चा मिठाशी मात्र काही संबंध नाही. उलट जपानी फिकट सॉस, उसुकुची, हा नेहमीच्या सॉसपेक्षा जास्त खारट असतो : कोइकुचीत मीठ साधारण १६ टक्के, तर उसुकुचीत १८-१९. रक्तदाबासाठी म्हणून 'लाइट' घेणाऱ्याची यात उलटीच गत होते. कमी मिठाचा हवा असेल तर 'लेस सॉल्ट' किंवा 'रिड्यूस्ड सोडियम' असं लिहिलेलं शोधायचं.

जपानी प्रमाणकात एकूण पाच प्रकार आहेत. रोजचा कोइकुची, तिथल्या उत्पादनातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा याचाच. ह्योगो प्रांतातल्या तात्सुनोचा उसुकुची. आइचीच्या बाजूचा दाट तामारी. मिठाच्या पाण्याऐवजी सॉसमध्येच दुसऱ्यांदा मुरवलेला साइशिकोमी. आणि बहुतांश गव्हाचा, जवळजवळ सोनेरी शिरो. भारतात बसून यातले दोनच ध्यानात ठेवले तरी पुरे : कोइकुची आणि तामारी. तामारी जवळपास पूर्ण सोयाबीनचा असतो, म्हणून गहू न चालणाऱ्यांना तो सुचवतात. तरी काही तामारीत थोडा गहू असतोच, तेव्हा सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार) असणाऱ्यांनी 'ग्लूटेन-फ्री' ही अक्षरं प्रत्यक्ष वाचल्याशिवाय बाटली घेऊ नये.

जपानी बाटलीवर पद्धतही लिहिलेली असते. 'होनजोझो' म्हणजे पूर्ण मुरवलेला. 'कोंगोजोझो' आणि 'कोंगो' म्हणजे त्यात वेगळं तयार केलेलं अमिनो आम्लाचं द्रावण मिसळलेलं. अमेरिका, सिंगापूर किंवा आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींना आशियाई दुकानात ही सगळी निवड सहज मिळते आणि किंमतही इथल्या आयात बाटलीपेक्षा बेताची असते.

मग आपल्याकडचा तो काळा, गोडसर, आंबूस सोया सॉस कुठून आला? भारतातलं चिनी खाणं कोलकात्याच्या टिरेटा बाजार आणि टांगरा इथल्या चिनी कुटुंबांनी रुजवलं, सॉसही त्यांनीच इथे बनवायला घेतले. मुंबईत नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-मिरचीच्या फोडणीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंचुरियन केल्याचं सांगितलं जातं. त्या रश्श्याला रंग हवा होता, आणि गाडीवर पोचेपर्यंत रंग हेच सोया सॉसचं मुख्य काम होऊन बसलं. मंचुरियनसाठी भारतीय डार्क सॉस वापरणं गैर नाही, त्या पदार्थाची ओळखच ती. मात्र त्याच बाटलीतून सुशीसोबत वाटीत ओतलात तर जपानी पाहुणा काही बोलणार नाही, पण पुन्हा वाटीला हातही लावणार नाही.

चौथी पायरी : मिठाचा हिशेब

तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. १०० मिलिलिटरला ६००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १५ ग्रॅम मीठ. एक मोठा चमचा, १५ मिलिलिटर, सॉस घातला की ९०० मिलिग्रॅम सोडियम पोटात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते. चार माणसांच्या नूडल्समध्ये दोन चमचे ठीक. वरून मीठ घालायची सवय मात्र त्या दिवशी सोडावी लागते. चांगला सॉस वापरताना मीठ आधी निम्मं करा, शेवटी चाखून वाढवा.

पाचवी पायरी : घरी आणून पारखा

तीन पांढऱ्या बश्या घ्या (चहाच्या कपाखालच्या चालतील) आणि प्रत्येकीत अर्धा चमचा सॉस घाला. बशी तिरकी करा. मुरवलेला सॉस कडेला पातळ होतो तिथे तांबूस, पारदर्शक दिसतो, जरा माणकाच्या छटेचा. कॅरमेलवर उभा असलेला सॉस कडेपर्यंत काळसर-तपकिरी, गढूळ राहतो आणि बशीला डाग देतो. लाओचौला ही कसोटी लावू नका, तो काळाच असायचा.

बाटली हलवून फेस बघायचा हा जुना उपाय थोडाफार खरा आहे. प्रथिनं आणि अमिनो आम्लं जास्त असली की बारीक बुडबुड्यांचा फेस येतो आणि रेंगाळतो; पातळ मालात मोठे बुडबुडे येऊन लगेच फुटतात. फक्त दाट करणारा गम असेल तरीही फेस टिकतो, म्हणून यावर फार भिस्त ठेवू नये.

खरी परीक्षा नाकाची. एक चमचा सॉस दहा चमचे गरम पाण्यात घाला आणि वाफ घ्या. मुरवलेल्या सॉसला भाजलेल्या धान्याचा, किंचित फळाचा, किंचित दारूचा असा एकात एक गुंतलेला वास येतो. त्यात शेकडो सुगंधी द्रव्यं सापडली आहेत. आम्लाच्या सॉसला एकच उग्र वास, सूपच्या वडीचा असतो तसा, आणि स्वस्त बाटलीत वर व्हिनेगरचा झटका. मग तेच पाणी चाखा. चांगल्या सॉसमध्ये खारटपणा आधी येतो, मग गोडवा, मग जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारी चव. हलक्या सॉसमध्ये खारट लागतं, थोडं कडवट लागतं आणि संपतं.

शेवटी वाफाळत्या साध्या भातावर चार थेंब. साजूक तुपासोबत घातलात तर आजीबाई भुवया उंचावतील, पण जपानमध्ये लोणी आणि सोया सॉस घातलेला गरम भात आवडीने खातात.

वापरताना

महागाचा मुरवलेला सॉस सुरुवातीलाच कढईत ओतून दहा मिनिटं उकळलात तर त्याचा वास चिमणीतून शेजाऱ्यांकडे जातो. मुरवण-मॅरिनेशनला आणि लांब शिजणाऱ्या रश्श्याला मध्यम दर्जाचा वापरा. चांगला सॉस गॅस बंद करायच्या अर्धा मिनिट आधी, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. चर्रर्र होऊन वास फुलतो आणि मग पदार्थात मिसळतो. रंग कमी वाटला तर अर्धा चमचा डार्क घाला. चवीला एक आणि रंगाला एक, अशा दोन लहान बाटल्या घरात असल्या की बहुतेक सगळं निभतं.

हीच नजर इतर बाटल्यांवर

*व्हिनेगर.* इथे कायद्याने काम सोपं केलंय. आंबवलेलं व्हिनेगर आणि पाण्यात असेटिक आम्ल मिसळून केलेलं व्हिनेगर, दोन्हींत किमान ३.७५ टक्के आम्ल लागतं, पण दुसऱ्यावर 'सिंथेटिक' असं छापावंच लागतं. मिरच्या बुडवायला आणि नळाची खार काढायला सिंथेटिक चालतं. सॅलड, लोणचं, मॅरिनेशन यांसाठी आंबवलेलं घ्या. गोव्यातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळालं तर सोडू नका. सूर आपोआप आंबते, आधी तिची दारू होते आणि मग जीवाणू तिचं व्हिनेगर करतात. विंदालू, सोरपोतेल आणि रेशादला जो गोलसर आंबटपणा लागतो तो यातूनच येतो. सिंथेटिक घातलेलं विंदालू नुसतं टोचतं. बाजारात ते बऱ्याचदा जुन्या बाटल्यांत, बिनलेबलचं मिळतं. तळाला गाळ किंवा वर पातळ जाळं दिसलं तर ते जिवंत असल्याचं लक्षण. विकणारीला झाकण उघडून वास घेऊ द्यायला सांगा, चांगला माल असेल तर ती नाही म्हणत नाही.

*मिरचीचा सॉस.* हिरव्या मिरचीचं लोणचं आठवा : दोन-चार दिवसांत मिरची शेवाळी, मळकट होते. आंबट पाण्यात हरितद्रव्याचं तसंच होतं, काही केलं तरी टळत नाही. तेव्हा महिनोन् महिने पोपटी हिरवा राहिलेला ग्रीन चिली सॉस रंगाचाच असणार. मागे १०२ (टार्ट्राझिन) आणि १३३ (ब्रिलियंट ब्लू) ही जोडी शोधा. लाल सॉसमध्ये मिरचीचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असेल तर ते बघा, आणि यादीत मिरचीच्या आधी साखर आणि स्टार्च आले असतील तर परत ठेवा.

*टोमॅटो केचप.* यादीत टोमॅटो पेस्ट पहिली हवी आणि तिचा टक्का छापलेला असतो. साखर आधी आली की तो गोड पाक. केचपमध्ये विद्राव्य घनपदार्थ किमान २५ टक्के असावे लागतात, पण हे घनपदार्थ टोमॅटोचे की साखरेचे, हे यादीच सांगते. सुट्ट्या कॅनमधल्या लालभडक सॉसची शंका असेल तर बशीत थोडा घेऊन, थोडं पाणी घालून आयोडीनचा थेंब टाका. काळानिळा झाला तर स्टार्चचा भरणा आहे. तो घास अर्थातच फेकून द्या.

*ऑयस्टर आणि फिश सॉस.* शाकाहारी घरांनी आधी चिन्ह बघावं : हिरवा गोल की तपकिरी त्रिकोण. मशरूमचा 'व्हेजिटेरियन ऑयस्टर सॉस' मिळतो आणि चांगला असतो. वुस्टरशायर सॉसमध्ये मूळ कृतीत अँचोवी मासे आहेत हे अनेकांच्या गावीही नसतं. खऱ्या ऑयस्टर सॉसमध्ये शिंपल्यांचा अर्क यादीत वर हवा. बऱ्याच बाटल्यांत तो मीठ-साखर-स्टार्चच्या खाली दडलेला असतो. फिश सॉसचा न्याय सोपा : मासे आणि मीठ, बस. व्हिएतनामच्या बाटल्यांवर 'एन' लावलेला आकडा असतो, लिटरला किती ग्रॅम नायट्रोजन ते सांगणारा. ३० चांगला, ४० उत्तम. तिथल्या फू क्वोक बेटाच्या फिश सॉसला २०१२ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिलं.

घेताना आणि ठेवताना

अनोळखी ब्रँड असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक बघा. तो त्यांच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तपासता येतो. आयात बाटलीवर भारतीय आयातदाराचा कागद चिकटवलेला असतो. कधी तो मूळ यादीवरच चिकटवतात. तसं असेल तर त्यावरची यादी पूर्ण आहे का ते नीट वाचा. दुकानाच्या काचेजवळ उन्हात असलेली बाटली घेऊ नका, मागच्या रांगेतली काढा. काचेची मिळत असेल तर काचेची. आणि किंमत बाटलीची नव्हे, १०० मिलिलिटरची ताडून पाहा : ७५० मिलिलिटरची स्वस्त बाटली वर्षभर पडून राहणार असेल तर १५० मिलिलिटरची महाग बाटली परवडते.

कारण झाकण उघडलं की सॉसला हवा लागते. रंग काळवंडतो, वास आधी जातो. मुरवलेला सॉस फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवावा. त्यानंतर तो खराब होतोच असं नाही, पण ज्याचे पैसे मोजले तो सुगंध उरत नाही. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात गॅसशेजारच्या कट्ट्यावर तर पंधरा दिवसांतही फरक कळतो. तळाला पांढरे खडे दिसले तर बहुधा मिठाचे किंवा टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात, निर्धोक. वर पांढरी साय धरली तर ते यीस्ट. विषारी नसलं तरी चव गेलेली असते, ओतून टाका. कमी मिठाच्या सॉसला ही साय लवकर धरते, म्हणून तो उघडल्या दिवसापासून फ्रिजमध्येच.

बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला सेलोटेपचा तुकडा आणि बॉलपेन पुरतं. साय न धरता सॉस नुसता जुना झालाच तर टाकू नका. अर्धी वाटी जुना सॉस, दोन चमचे गूळ, ठेचलेलं आलं-लसूण घालून मंद आचेवर दाटसर आटवा. कोंबडीवर किंवा पनीरवर फासायला उत्तम होतं, आणि गुळामुळे वास गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.